कुत्रा उठतो कसा? संधिवात झालेल्या कुत्र्यासाठी कापडी क्रेट निवडताना

आजचा विषय ऐकून एका परिचितांनी आम्हाला विचारलं, की कुत्र्याच्या पिंजऱ्यावर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय? रास्त प्रश्न आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्हालाही तसंच वाटत होतं. कुत्र्याचं माप घ्या, त्याहून थोडा मोठा क्रेट आणा, आत मऊ गादी घाला, झालं काम. आम्ही हाच सल्ला देत होतो आणि एका कुत्रीला त्याचा त्रास झाला. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू.

राणी नावाची लॅब्रॅडॉर. वय अकरा, वजन ३४ किलो, मागचे दोन्ही खुबे संधिवातानं धरलेले. घरी निवृत्त काका-काकू, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. ती गार फरशीवर झोपते, सकाळी उठताना कण्हते, नातवंडं आली की कोपऱ्यात जाऊन गुरगुरते, अशी तक्रार होती. आम्ही म्हटलं, तिला स्वतःची जागा द्या. कापडी क्रेट घ्या आणि मिळेल तितकी जाड, मऊ गादी घाला. काकांनी बाजारातली सगळ्यात महागडी गादी आणली. हात ठेवला की मनगटापर्यंत आत जाईल अशी.

दहा दिवसांनी फोन आला. राणी रात्री गादीतच लघवी करते. आयुष्यात कधी घरात घाण न केलेली कुत्री. काकू रडत होत्या. काका म्हणाले, "डॉक्टर, तिचे हाल आम्हाला बघवत नाहीत. तिला झोपवायची वेळ आली का, ते स्पष्ट सांगा."

आधी लघवी तपासून घेतली, कारण म्हाताऱ्या मादीमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग हे साधं कारण असू शकतं. तपासणीत काही निघालं नाही. मग आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि नुसते बसून राहिलो. साडेनऊच्या सुमाराला राणीला बाहेर यायचं होतं. तिनं पुढचे पाय टेकवून छाती उचलली. मागचे पाय रोवायला गेली, तर ते गादीत रुतले. दुसऱ्यांदा जोर केला, अंगाचा भार डाव्या भिंतीवर टाकला. ती भिंत कापडाची, ती फुगून बाहेर गेली. राणी परत खाली बसली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि डोकं गादीवर ठेवलं. तिच्या मूत्राशयाला काही झालेलं नव्हतं. तिला तिथून उठता येत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून क्रेट बघताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. कुत्रा यात आरामात झोपेल का, हे नंतर. यातून तो उठून स्वतः बाहेर येईल का, हे आधी.

आता थोडं सांध्याविषयी, फार नाही. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. संधिवातात तो झिजतो, भोवतीचं आवरण सुजतं, हाडाच्या कडा वाढतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत खुबा किंवा कोपर वाढीच्या वयात नीट बसत नाही, त्यामुळे हे लवकर सुरू होतं. पण गावठी कुत्र्यांनाही होतं, विशेषतः लहानपणी गाडीखाली पाय आलेला असेल तर. दुखणारा सांधा बराच वेळ हलला नाही की आखडतो. म्हणून झोपेतून उठल्यावरची पहिली काही पावलं सगळ्यात वाईट असतात. पुढे चाललं की अंग मोकळं होतं. घरातले म्हणतात, "बघा, आता कसा पळतोय, मघाशी नाटक करत होता." नाटक नसतं ते.

तर कुत्रा उठतो कसा? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना आठवत असेल, गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोडा आधी पुढचे पाय टाकतो. आपला कुत्रा बहुधा आधी छाती उचलतो, बसता होतो आणि मग मागच्या पायांनी अंग वर ढकलतो. उभ्या कुत्र्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. खुबे दुखत असतील तर तो आणखी पुढे सरकतो आणि उठायचं बरंचसं काम पुढच्या पायांवर येतं. या उठण्याला तीन गोष्टी लागतात. पायाखाली न रुतणारी आणि न सरकणारी जमीन, डोकं वर करायला जागा आणि तोल गेला तर टेकायला काहीतरी. तुम्ही दुकानात उभे असाल, विक्रेता रंग दाखवत असेल, तेव्हा मनात हे तीन प्रश्न ठेवा.

कापडी क्रेट म्हणजे काय, तर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर जाड पॉलिस्टरचं कापड, खिडक्यांना जाळी, दारांना चेन. घडी होते, वजनाला हलका असतो. दुखऱ्या कोपराला तारेची सळई लागत नाही आणि दार आपटून आवाज होत नाही, हा त्याचा खरा फायदा. त्याची खरी उणीवसुद्धा त्याच मऊपणात आहे, ती म्हणजे टेकायला भिंत नाही. यावर उपाय सोपा आहे. क्रेट खोलीच्या कोपऱ्यात असा लावा, की त्याच्या दोन बाजू घराच्या भिंतींना घट्ट चिकटतील. कुत्र्यानं कापडावर भार टाकला तरी पाठीमागे खरी भिंत आहे. राणीच्या बाबतीत पहिला बदल आम्ही हाच केला, आणि त्याला एक रुपया लागला नाही. क्रेट मधोमध ठेवून त्याच्याभोवती चार खुर्च्या लावणारेही आम्ही पाहिलेत. त्या खुर्च्या सरकतात, तसं करू नका.

मापाकडे येऊ, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. नेहमीचा नियम असा, की उभ्या कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, त्यात दहाएक सेंटीमीटर वाढवा. उंची जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत. तरुण कुत्र्याला हे पुरतं, कारण तो मुटकुळं करून झोपतो. खुबे दुखणारे बरेच कुत्रे पाय दुमडून झोपू शकत नाहीत, ते कुशीवर पडून चारही पाय लांब सोडतात. म्हणून तिसरं माप घ्या. कुत्रा असा पसरून झोपलेला असताना पाठीपासून पंज्याच्या टोकापर्यंत टेप लावा. क्रेटची आतली रुंदी त्यापेक्षा कमी असेल तर पाय जाळीला टेकतात, तो पाय ओढून घेतो आणि पहाटेपर्यंत आखडतो.

उंचीत आणखी एक वजाबाकी असते, ती कुणी करत नाही. समजा डोक्यापर्यंतची उंची ६८ सेंटीमीटर आहे आणि क्रेट ७१ सेंटीमीटरचा आहे. वरवर बघता बसतो. आता आत ८ सेंटीमीटरची गादी घाला. उरले ६३. म्हणजे उठताना तो मान खाली घालूनच उठणार, आणि मान खाली घालून छाती उचलायची हे पाठीच्या दुखण्यात फार जड जातं. दुकानात '४२ इंची' म्हणतात ती लांबी असते, म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर, आणि तीही बऱ्याचदा बाहेरून मोजलेली. आतून मोजा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

मग फार मोठा घेऊन टाकावा का? तेवढंही नको. वळायला, आडवं पसरायला आणि डोकं न आपटता उठायला पुरेल एवढा बस. अवाढव्य क्रेट कोपऱ्यात बसत नाही, मग तो मधे येतो, मग त्याचं टोक कापलं जातं ते कुत्र्याच्या वाट्याचं.

आता उंबरा. कापडी क्रेटच्या दाराखाली कापडाची एक पट्टी उभी असते, चेन तिच्या वरून फिरते. काही क्रेटमध्ये ती दोन-तीन बोटं उंच असते, काहींत चांगली वीतभर. तुमच्या-आमच्या दृष्टीनं ते काहीच नाही. पण ज्याला मागचा पाय उचलून पुढे टाकायचा आहे त्याला तो घराचा उंबरठाच आहे. नखं अडकतात, कुत्रा अडखळतो, दोनदा अडखळला की आत जायचं सोडतो. आणि आपण म्हणतो हट्टी आहे. खरेदीच्या आधी घरी एक चाचणी करा. झाडूचा दांडा दोन पुस्तकांवर आडवा ठेवा, आधी जमिनीपासून तीन सेंटीमीटरवर. पट्टा हातात धरून कुत्र्याला सावकाश चालवत त्यावरून न्या. मागचे पाय स्वच्छ उचलले जातात, की नखं घासतात? नखं घासली की थांबा, त्या उंचीचा उंबरा त्याच्यासाठी नाही. दांडा घट्ट बांधायचा नाही, पाय लागला की तो घरंगळून पडला पाहिजे.

गादी आत घातली की उंबरा आतून भरून निघतो, पण बाहेरून चढ तेवढाच राहतो. म्हणून दारासमोर बाहेरच्या बाजूलाही पायरीसारखं काहीतरी लागतं. योगासनांची मॅट दुमडून ठेवली तरी चालते, फक्त खाली रबर हवं. सतरंजी टाकू नका. टाइलवर सतरंजी घसरगुंडीसारखी सरकते. आणि एक छोटी गोष्ट, जी आम्हाला स्वतःला उशिरा कळली. चेन उघडल्यावर दाराचं कापड काही क्रेटमध्ये खाली जमिनीवर पडतं. नेमकं जिथे पाय रोवून जोर लावायचा तिथेच गुळगुळीत पॉलिस्टरचा तुकडा! वर गुंडाळून बांधता येणारं दार घ्या. नसेल तर ते दुमडून गादीखाली दाबा.

दारं किती आणि कुठे? लांब बाजूला दार असलेला क्रेट आम्ही पसंत करतो. टोकाच्या दारातून आत गेलेल्या कुत्र्याला बाहेर यायला जागच्या जागी वळावं लागतं किंवा उलटं चालावं लागतं, आणि ताठलेल्या कमरेला दोन्ही अवघड. बाजूच्या दारातून तो तिरका आत येतो, बसतो, तसाच बाहेर पडतो. कोपऱ्यात लावताना हे लांब दार खोलीच्या बाजूला राहील असं बघा. वरच्या झाकणाचं दार मात्र नक्की असावं, तुमच्यासाठी. औषध द्यायला, गादी बदलायला, आणि कधी तो अडलाच तर पोटाखाली टॉवेल घालून आधार द्यायला.

गादीवर आम्ही एकदा पोळलोय, म्हणून जरा सविस्तर. पाकिटावर 'ऑर्थोपेडिक' लिहिलेलं असतं, ते कुणीही लिहू शकतं. तुमची परीक्षा वेगळी. गादी जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर एक गुडघा टेकून शरीराचा भार टाका. खालची फरशी गुडघ्याला लागली तर गादी निकामी, कारण कुत्र्याच्या कोपरालाही ती लागणार. उलट गुडघा रुतून बसला आणि काढायला जोर लागला तर तीही निकामी. दबेल पण धरून ठेवणार नाही, अशी हवी. कापसाची पिंजलेली गादी चार महिन्यांत गोळे धरते. आमचा अनुभव असा, की आपला नाक्यावरचा गादीवाला हे काम उत्तम करतो. त्याला ४० डेन्सिटीचा फोम सांगा. मोठ्या कुत्र्याला ८ सेंटीमीटर जाड, वर दोनेक सेंटीमीटर मऊ थर. दहा-बारा किलोच्या कुत्र्याला याच्या निम्मं पुरतं. कापताना क्रेटच्या आतलं माप द्या. गादी भिंतीला भिडली पाहिजे. फट राहिली की पाय त्यात जातो आणि झोपेत अडकतो.

खोळ मांजरपाटाची किंवा जाड सुती कापडाची. मखमल दिसायला छान, पण पाय घसरतो. खोळीखाली बाळाची रबरशीट घाला, रेक्झिन सगळ्यात वर घालू नका. खोळी दोन शिवून घ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एक खोळ वाळायला तीन दिवस लागतात हे तुम्हाला सांगायला नको.

मेमरी फोमबद्दल विचारणा नेहमी होते. तो वाईट नाही, पण तो थंडीत कडक होतो आणि उष्णतेत जास्त मऊ पडतो, शिवाय अंगाची ऊब धरून ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात कुत्रा त्यावर थांबणार नाही. वापरायचाच तर फक्त वरचा पातळ थर म्हणून.

क्रेटचं काम काय आणि काय नाही, हेही बोलायला हवं. कापडी क्रेट ही कोंडून ठेवायची जागा नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सक्तीची विश्रांती सांगतात, तिथे कापडी क्रेट उपयोगाचा नाही, एका नखानं जाळी फाटते. आणि संधिवातात तर जास्त वेळ पडून राहणं हेच नुकसानीचं. दिवसा दर दोन-तीन तासांनी त्याला उठवून घरातल्या घरात चार पावलं चालवा. मोटारीत तो अपघाताच्या वेळी संरक्षण देत नाही. विमानाच्या मालाच्या कप्प्यात तो चालत नाही, तिथे कडक पेटीच लागते. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर ए.सी. फर्स्टचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याकडे हवी, नाहीतर त्याची रवानगी ब्रेक व्हॅनच्या पेटीत होते. दुखणाऱ्या सांध्यांच्या कुत्र्याला त्या पेटीत घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. कूपे मिळाला तर मात्र घडीचा क्रेट सोन्यासारखा. ओळखीच्या वासाची जागा गाडीतही, आणि गावच्या घरातही.

क्रेटमुळे संधिवात बरा होत नाही. औषध डॉक्टरांकडून घ्या. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका, पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा दिसली. तेव्हा पोळीला तूप लावून देणाऱ्या आजींशी घरात एकदा बोलावं लागेल. ते काम आमच्या गादीवाल्यापेक्षा अवघड आहे.

राणीचं पुढे काय झालं? क्रेट कोपऱ्यात नेला, ती मऊ गादी काढून फोम कापून आणला, दारासमोर रबरी मॅट, आणि तिथून बाल्कनीपर्यंत मॅटची पायवाट केली. नखं कापली, वाढलेल्या नखांनी टाइलवर पाय धरत नाही. पहिल्या दोन रात्री गादी ओली झाली. तिसऱ्या रात्री दोन वाजता काकांना नखांचा आवाज आला, राणी बाल्कनीच्या दाराशी उभी होती. नंतर दीड वर्ष ती जगली. शेवटच्या थंडीत पुन्हा अवघड झालं आणि तेव्हा काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या वेळी आमचं उत्तर वेगळं होतं. पण तो दीड वर्षाचा काळ पहिल्याच फोनवर संपला असता.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून: आमचा कुत्रा क्रेटमध्ये पाऊलच टाकत नाही. खाऊ ठेवला तरी.)

खाऊ आत टोकाला ठेवता का? तिथपर्यंत जायचं तर वळून यावं लागतं, त्याची त्याला भीती असेल. आधी नुसती गादी बाहेर, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा. आठवडाभर त्यावर झोपू द्या. मग तीच गादी, न धुता, क्रेटमध्ये. दारं सगळी उघडी, वरचं झाकणही. एका वेळी एकच बदल. आणि त्याआधी दांड्याची चाचणी करा, कदाचित तो नाही म्हणत नसेल, त्याला जमत नसेल.

(श्रोत्यांमधून: रात्री चेन लावावी का?)

संधिवाताच्या कुत्र्याला आम्ही नाही म्हणतो. त्याला रात्री दोनदा जागा बदलावीशी वाटते, तो त्याचा इलाजच आहे. घरात लहान मूल रांगत असेल तर दिवसा दाराशी मुलासाठी अडसर लावा, कुत्र्यासाठी नको.

(श्रोत्यांमधून, एक आजी: एवढं सगळं केलं आणि तो उन्हाळ्यात उठून फरशीवरच झोपला तर?)

झोपू द्या, आजी. त्याला उकडतंय. मे महिन्यात आमच्याकडे येणारे निम्मे कुत्रे तेच करतात. तो जिथे झोपतो ती फरशीची जागा बघून ठेवा आणि तिच्या कडेला, त्याचे मागचे पाय येतात तिथे, रबरी मॅटचा हातभर तुकडा चिकटवा. अंग गार फरशीवर, पाय मॅटवर. क्रेट तसाच उघडा राहू द्या, पाऊस पडला की तो परत जाईल.